‘ट्रबल इन पॅरडाइज’मधले पॉज आणि तुमचा हॉल

प्रश्न असा आला आहे: फिल्म सोसायटीने एर्न्स्ट लुबिचचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) निवडला आहे. याआधी १९२९ चा एक बोलका विनोदी चित्रपट दाखवला, तेव्हा फजिती झाली. आवाजात खरखर, कॅमेरा जागचा हलत नाही, नट एकेक शब्द सुटा करून बोलतात. अर्धा हॉल मध्येच उठला. हा त्यानंतर तीनच वर्षांनी आलेला. लोक बसतील का, आणि डिस्क लावण्याआधी काय काय तपासायचं?

बसतील, पण एका अटीवर. या चित्रपटातलं हसू जेवढं संवादांत आहे तेवढंच दोन संवादांमधल्या पॉजमध्ये आहे. नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२९ मध्ये हॉलिवूडकडे नट होते, लेखक होते, पैसा होता. पॉज मात्र नव्हता. तो यंत्रांनी काढून घेतला होता आणि दोन वर्षांनी यंत्रांनीच परत दिला. वाईट प्रोजेक्शनमध्येही सगळ्यात आधी मरतो तो पॉजच. म्हणून आधी तो आला कुठून ते सांगतो, मग तुमच्या हॉलमध्ये तो टिकवायचा कसा ते.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त चाले. आवाज आल्यावर ती मुभा संपली. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, आणि त्यात तसूभर फरक चालणार नाही, कारण फरक पडला की आवाजाची पट्टी बदलते. कॅमेऱ्याला मोटर आली आणि मोटरीची घरघर माइकमध्ये जायला लागली. यावर पहिला उपाय म्हणजे कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत कोंडणं. आत इतकं उकडे की टेक संपला की दार उघडून माणूस बाहेर काढावा लागे. कार्बन आर्कचे दिवे सूं सूं आवाज करत म्हणून ते गेले, त्यांच्या जागी साधे तारेचे दिवे आले; पण त्यांचा प्रकाश पुरेसा पडावा म्हणून ते ढिगाने लावावे लागत, उष्णता आणखी वाढे. माइक एका जागी टांगलेला. नट त्याच्याकडे तोंड करून बोलणार, मग चालणार, मग पुढच्या माइकखाली पुन्हा बोलणार. ‘चालताना गप्प, बोलताना उभा’ ही जी अवघडलेली चाल तुमच्या प्रेक्षकांना खटकली, तिचा उगम इथे आहे. दोष नटांचा नाही.

त्यात संकलनाची पंचाईत. वॉर्नरची व्हिटाफोन पद्धत तबकडीवर चाले: १६ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका रिळाला एक. तबकडी कापता येत नाही, म्हणून प्रसंग सलग मुद्रित करायचा आणि दोन-तीन कॅमेरे एकदम लावून चित्र नंतर त्या आवाजावर बेतायचं. थिएटरात रीळ तुटलं तर जितक्या फ्रेम गेल्या तितकी काळी फिल्म मोजून जोडावी लागे, नाहीतर पुढचं सगळं रीळ दुसऱ्याच्या तोंडी बोले. पॅरामाउंटकडे वेस्टर्न इलेक्ट्रिकची फिल्मवरच ध्वनी मुद्रित करणारी पद्धत होती. ती कापता येई, पण तिथे वेगळंच दुखणं होतं: खरखर.

हे दुखणं नीट समजून घ्या, पुढे हॉलच्या मांडणीत याचा उपयोग आहे. फिल्मच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटरची ध्वनिपट्टी असते. तिच्यातून प्रकाश जातो, पलीकडे फोटोसेल, म्हणजे प्रकाशाची वीज करणारा भाग, तो टिपतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये आवाज जसा असेल तशी ही पट्टी कमीजास्त काळी होते. कोणीच बोलत नसेल तेव्हा पट्टी मधल्या करड्या रंगाची राहते, तिच्यातून बराच प्रकाश जातो, आणि त्या प्रकाशात फिल्मचा रवा, धूळ, ओरखडे सगळे ऐकू येतात. म्हणजे शांतता ही चित्रपटातली सगळ्यात खरखरीत जागा. नटाने पॉज घेतला की प्रेक्षकाला भावना नाही, यंत्र ऐकू येणार. मग दिग्दर्शक पॉज टाळत, नाहीतर घेत आणि तो मेलेला वाटे.

१९३०-३१ मध्ये दोन्ही मोठ्या पद्धतींनी यावर तोड काढली. आवाज नसेल तेव्हा मुद्रणाच्या झडपेची फट आपोआप अरुंद व्हायची, त्यामुळे प्रिंटवर पट्टी काळी व्हायची, प्रकाश अडायचा, खरखर खाली बसायची. जाहिरातीत याला ‘नॉइजलेस रेकॉर्डिंग’ म्हणत. पूर्ण निःशब्द नव्हतं, पण कुजबूज आणि शांतता वापरण्याजोगी झाली. त्याच सुमारास ईस्टमनची सुपर सेन्सिटिव्ह पॅनक्रोमॅटिक फिल्म (१९३१) आली, कमी दिव्यांत काम भागू लागलं. कॅमेऱ्याला आवाज कोंडणारं आवरण बसलं, तो खोलीतून बाहेर आला. माइक हलत्या दांड्यावर चढला. वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र करून पुन्हा मुद्रित करताना दर्जा फारसा घसरेनासा झाला, त्यामुळे संवादाखाली संगीत ठेवायला वादकांना सेटवर बसवण्याची गरज राहिली नाही. ‘ट्रबल इन पॅरडाइज’मध्ये डब्ल्यू. फ्रँक हार्लिंगचं संगीत संवादांच्या खालून किती वाहतं ते मोजून पाहा. तीन वर्षांपूर्वी हे जवळपास अशक्य होतं.

(आपल्याकडे प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ याच १९३२ सालचा, कोल्हापुरात झालेला. तो मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित झाला होता. लुबिचनेही १९३१ चा ‘द स्मायलिंग लेफ्टनंट’ इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये असाच दोनदा केला. आवाज घातल्यावर चित्रपटाला भाषेची सीमा आली आणि डबिंग अजून भरवशाचं नव्हतं, म्हणून दोन्हीकडे एकच मार्ग निघाला. सोसायटीत हा जोड कार्यक्रम चांगला रंगेल.)

आता लुबिच. बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा, १९२२ मध्ये हॉलिवूडला आलेला, मूकपटांत नाव काढलेला. बंद दारं, पडदे, खिडक्या यांतून गोष्ट सांगण्याची त्याची सवय जुनी. आवाज आल्यावर बाकीच्यांनी बोलणाऱ्याचं तोंड दाखवायचा नियमच करून टाकला, याने तो पाळला नाही. पहिल्याच बोलपटात, ‘द लव्ह परेड’ (१९२९) मध्ये, राणी आणि काउंटचं जेवण कसं रंगतंय हे आपल्याला मंत्री, दासी आणि नोकर यांच्या टिपणीतून कळतं. त्याच चित्रपटात नायक पॅरिसचा निरोप घेणारं गाणं म्हणतो, मग नोकर म्हणतो, आणि शेवटी कुत्राही भुंकून त्याच चालीत आपल्या मैत्रिणींचा निरोप घेतो. कुत्र्याला माइकची चिंता नाही. चित्र मुकं घ्यायचं, भुंकणं नंतर घालायचं. आवाज आणि चित्र वेगळे ठेवता येतात ही मेख त्याने तिथेच पकडली. पुढच्या वर्षी ‘मॉन्टे कार्लो’त आगगाडीच्या चाकांच्या ठेक्यातून गाणं वर काढलं.

‘ट्रबल इन पॅरडाइज’ हे या सगळ्याचं पिकलेलं फळ. पटकथा सॅमसन राफाएल्सनची, मूळ आधार अलादार लास्लो यांच्या हंगेरियन नाटकाचा. छायालेखक व्हिक्टर मिलनर, सेट हान्स ड्रायर, कपडे ट्रॅव्हिस बँटन. गोष्ट अशी: गॅस्टन (हर्बर्ट मार्शल) आणि लिली (मिरियम हॉपकिन्स) हे दोन सराईत चोर व्हेनिसमध्ये एकमेकांना उमराव समजून भेटतात आणि प्रेमात पडतात; मग पॅरिसमध्ये सुगंधी द्रव्यांच्या कंपनीची मालकीण मादाम कोले (के फ्रान्सिस) हिला लुबाडायला गॅस्टन तिचा सेक्रेटरी होतो, आणि तिथे मन डळमळतं. लुबिचने शेवटच्या वर्षी एका पत्रात लिहिलं आहे की निव्वळ शैली म्हणाल तर यापेक्षा सरस आपल्या हातून काही झालं नाही. बरोबर आहे ते.

कार्यक्रमाआधी तुम्ही स्वतः चार जागा नीट पाहा. लोकांना आधी सांगू नका, पण प्रोजेक्शन याच चार जागांवर तपासा.

पहिली जागा, सुरुवात. श्रेयनामावलीत नावातला ‘पॅरडाइज’ हा शब्द येण्याआधी एक पलंग दिसतो आणि क्षणभर ‘ट्रबल इन’ एवढंच वाचायला मिळतं. मग व्हेनिस: कचरेवाला कचऱ्याचा डबा गोंडोल्यात रिकामा करतो आणि खड्या आवाजात ‘ओ सोले मियो’ म्हणत निघतो. (गाणं नेपल्सचं, गाव व्हेनिस; लुबिचला काही पडलेली नाही.) इथे काळोख फार आहे. तुमच्या हॉलमध्ये उजेड शिरत असेल तर डबाच दिसणार नाही आणि पहिलाच विनोद पाण्यात जाईल.

दुसरी जागा, जेवण. गॅस्टन वेटरला सांगतो की चंद्र शॅम्पेनमध्ये दिसला पाहिजे, आणि वेटर गंभीरपणे तेही वहीत लिहून घेतो. त्याच वेळी वेटरला साहेबांच्या कोटाला चिकटलेलं झाडाचं पान दिसतं. ते पान म्हणजे पुरावा: उमराव आत्ताच कोणाच्या तरी बाल्कनीतून उतरून आलाय. एका पानावर चोरी उलगडते, तीही कोणी एक शब्द न बोलता. मग लिली येते. ती त्याला शांतपणे चोर म्हणते आणि मीठ मागते. तो मीठ देतो, दार लावतो, तिला गदागदा हलवतो, तिने मारलेलं पाकीट खाली पडतं, जेवण पुढे सुरू. मग ती त्याचं घड्याळ परत करते, वर सांगते की पाच मिनिटं मागे होतं, मी लावून दिलंय. आरोप आणि मीठ यांच्यामध्ये जी शांतता आहे, ती ऐकू आली पाहिजे. तुमच्या हॉलची खरी परीक्षा हीच. त्या शांततेत पंखा, एसी, अॅम्प्लिफायरची घरघर यांपैकी काहीही ऐकू आलं तर हसू निम्म्यावर येतं.

तिसरी, पोलिसांचा प्रसंग. लुटला गेलेला फिलिबा (एडवर्ड एव्हरेट हॉर्टन) इंग्रजीत सांगतो, हॉटेलचा मॅनेजर ते धबधब्यासारख्या इटालियनमध्ये पोलिसांना सांगतो. चोर डॉक्टर बनून आला होता आणि टॉन्सिल तपासत होता, एवढंच सारखं फिरून येतं. इटालियनला सबटायटल लावू नका. अर्थ महत्त्वाचा नाही. वेग आणि आवाजाची चढउतार हाच विनोद आहे. काही फायलींमध्ये कोणीतरी कौतुकाने इटालियनचंही भाषांतर केलेलं असतं, ते काढून टाका.

चौथी जागा मला सगळ्यात प्रिय. गॅस्टन आणि मादाम कोले यांची अख्खी संध्याकाळ बहुतांश घड्याळांवर उलगडते. संध्याकाळी पाचला सुरू होतं. पडद्यावर टेबलावरचं घड्याळ, माणसं जवळजवळ नाहीत. दारावर टकटक, लिलीचा निरोप, मग मालकिणीचा आवाज, जेवायला जायचं ठरतं. चित्र विरघळतं, काटे पुढे सरकतात. नऊच्या सुमारास टेलिफोन वाजत राहतो, उचलायला कोणी नाही. मग परतल्याची चाहूल, शॅम्पेनची बादली, मध्यरात्र उलटून गेलेली. १९२९ मध्ये हे कोणी लिहिलं असतं तर ध्वनिलेखकाने हात जोडले असते. कारण इथे प्रत्येक आवाजाची जागा वेगळी आहे: दाराबाहेरचा, शेजारच्या खोलीतला, तारेच्या पलीकडचा. चित्र स्थिर, आवाज हलते. बोलपटाच्या पहिल्या वर्षांचं गणित इथे बरोबर उलटं झालेलं आहे.

पुढे दोघांच्या मिठीचा प्रसंगही असाच बांधलेला आहे. आपल्याजवळ किती वेळ आहे ते मादाम कोले वाढत्या मापांनी सांगते आणि प्रत्येक मापाला चित्र बदलतं: आधी आरशात, मग दुसऱ्या आरशात, शेवटी पलंगाच्या रेशमी चादरीवर पडलेल्या दोन सावल्या. एका वाक्याचे तीन तुकडे, मधे दोन पॉज. लोक हसतात ते दुसऱ्या पॉजनंतर.

नटांविषयी एकच तपशील, कारण प्रेक्षक विचारतात. मार्शलचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेला होता, तो लाकडी पायावर चाले. कोलेच्या घरातल्या जिन्यावर धावत चढणारा-उतरणारा माणूस तो नव्हे, लांबून घेतलेला बदली नट आहे. के फ्रान्सिसला ‘र’ नीट येत नसे. तुमच्या स्पीकरवर ती बोबडी वाटली तर ते यंत्राचं नव्हे, तिचंच आहे. तिचा आवाज मात्र खालच्या पट्टीतला, मऊ. तो मऊ वाटला नाही तर डिस्कची गडबड समजा.

ती गडबड कोणती, तर वेग. युरोपातली पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी असेल तर ती सेकंदाला २५ फ्रेमने चालते. ८३ मिनिटांचा चित्रपट ७९ मिनिटं ४० सेकंदांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. विनोदी चित्रपटात चार टक्के म्हणजे चेष्टा नाही. पॉजही चार टक्क्यांनी आखडतात. डिस्कच्या पाठीवर ७९ किंवा ८० मिनिटं लिहिलेलं दिसलं तर शक्यतो दुसरी प्रत शोधा. अमेरिकी डिस्क बहुधा रीजन १ ची, आपल्याकडचे डीव्हीडी प्लेअर रीजन ५ चे. एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही, म्हणून प्लेअर रीजन-फ्री (सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा) आहे ना हे आदल्या आठवड्यात बघा, त्याच संध्याकाळी नको. परवानगीसाठी पॅरामाउंटला लिहिण्यात वेळ घालवू नका: १९५० पूर्वीचे त्यांचे बहुतेक बोलपट १९५८ मध्ये एमसीए या कंपनीने विकत घेतले आणि ते आता युनिव्हर्सलकडे आहेत.

चित्राची चौकट. हा चित्रपट १.३७ प्रमाणाचा, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जेमतेम सव्वापटीहून थोडी जास्त. डिस्कवर तो जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत बसवलेला असतो. पडद्याची उंची ६ फूट असेल तर चित्र सव्वाआठ फूट रुंद पडायला हवं. रुंद (१६:९) पडद्यावर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट काळं राहील. राहू द्या. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘ऑटो’वर विसंबू नका, ४:३ स्वतः निवडा. ‘फुल’ निवडलं तर के फ्रान्सिस बसकी दिसेल. ‘झूम’ निवडलं तर उंचीचा २३ टक्के भाग कापला जाईल, म्हणजे वरून डोकी आणि खालून टेबलावरचे हात. चोरांच्या चित्रपटात हात कापणं म्हणजे कथा कापणं. मल्टिप्लेक्समध्ये ३५ मिमी प्रिंट लावणार असाल तर १.३७ ची गेट-प्लेट (चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) आणि लेन्स आहे का ते आधी विचारा; १.८५ च्या प्लेटवर चौथा हिस्सा जातो.

जाता जाता: तुमचा तो १९२९ चा चित्रपट कदाचित डोकी कापूनच दाखवला गेला असेल. फिल्मवर ध्वनिपट्टी आली तेव्हा तिने चित्राच्या रुंदीतून जागा घेतली आणि चौकट जवळपास चौरस, १.१९ ची झाली. १९३२ मध्ये अकादमीची १.३७ चौकट ठरेपर्यंत गोंधळ चालला. ‘द लव्ह परेड’ लावाल तेव्हा ४:३ च्या आतही दोन बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. बरोबर आहे, हात लावू नका.

आवाज. मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा आहे. तो पडद्याच्या मधोमध, एका चांगल्या स्पीकरमधून आला तर सर्वोत्तम. दोन बाजूंना स्पीकर असतील तर दोन्हीला तंतोतंत एकच सिग्नल द्या आणि ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘सराउंड’ असली बटणं बंद करा. ती दोन्ही बाजूंत मुद्दाम फरक पाडतात आणि घड्याळाच्या प्रसंगातलं जवळ-लांब पार विस्कटतं.

टोन लावताना त्या काळची थिएटरं डोळ्यांपुढे ठेवा. तेव्हाचे स्पीकर आणि पडदे वरच्या कंपनसंख्या मुळातच गिळत. मुद्रणातही आठ हजार हर्ट्झच्या वर कामाचं फारसं नसे. तुमचा आजचा स्पीकर वीस हजारांपर्यंत प्रामाणिकपणे खरखरच वाजवतो. म्हणून सहा-सात हजारांच्या वर हळूहळू उतार द्या, दहा हजाराला आठ-दहा डेसिबल कमी चालेल. खाली ८० हर्ट्झच्या आतलं काढून टाका. संवाद दबले वाटले तर अडीच ते तीन हजारांच्या आसपास दोन डेसिबल वाढवा, जास्त नको. ‘स’ आणि ‘च’ टोचायला लागतात. मिक्सरवर इक्वलायझर नसेल तर नुसती ट्रेबलची कळ घड्याळातल्या दहाच्या जागेपर्यंत डावीकडे आणा, तेवढ्यानेही फरक पडतो.

आणि सगळ्यात मोठी चूक: खरखर घालवायला नॉइज गेट किंवा लॅपटॉपवरचं ‘नॉइज रिडक्शन’ लावणं. गेट आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार बंद करतं. वाक्याच्या शेवटचा अर्धा उसासा, कपड्यांची सळसळ, खोलीची हवा सगळं कापलं जातं, आणि पुढचा शब्द आला की खरखरीसकट दार धाडकन उघडतं. लोकांना खरखर पाच मिनिटांत ऐकू येईनाशी होते. हे उघडझाप मात्र शेवटपर्यंत छळतं. सलग मंद खरखर असू द्या.

डिस्कमध्ये नसलेली घरघर मात्र तुमच्या हॉलची आहे. ५० हर्ट्झचा ‘हूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) झालाय. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) घाला. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका, आवाज ओठांच्या मागून येतो. याउलट एचडीएमआयने प्रोजेक्टर आणि वेगळ्या वायरने स्पीकर जोडलात तर बहुधा चित्र मागे पडतं, कारण प्रोजेक्टर प्रत्येक फ्रेमवर काही क्षण काम करतो. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘के’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, ‘जे’ दाबलं की पुढे येतो. घड्याळाच्या प्रसंगावर हे जुळवू नका, तिथे ओठच नाहीत. जेवणाचा प्रसंग घ्या.

१६ मिमी प्रिंट मिळाली असेल तर दोन गोष्टी. ध्वनी चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो, म्हणून गेटखालचा लूप मापाप्रमाणेच ठेवा. लहान-मोठा झाला की ओठ सुटतात. आणि फिल्म तुटून जोडली की चित्र जिथे उडतं तिथे आवाज उडत नाही, साधारण एक सेकंदाच्या अंतराने उडतो. चांगल्या संवादाची वाट लागली असेल आणि चित्र धड दिसत असेल तर सांधा जवळपास शोधा.

मराठी सबटायटल करणार असाल तर जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ३५ ते ३८ अक्षरचिन्हं, कमीत कमी एक सेकंद. पॉजच्या दोन्ही बाजूंची वाक्यं एकाच सबटायटलमध्ये कधीही घालू नका. चोर आणि मीठ एकदम वाचायला मिळालं तर नटांनी कष्ट कशाला घेतले? पहिलं सबटायटल शब्द संपताच काढा, पडदा रिकामा ठेवा, दुसरं तोंड उघडल्यावर आणा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, फॉन्टच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जात नाहीत ना ते पडद्यावर बघा. उतरवलेली फाइल पाल प्रतीसाठी केलेली असेल तर पहिल्या मिनिटाला बरोबर वाटेल आणि तासाभरात अडीच मिनिटं आधी पळेल. व्हीएलसीच्या ‘जी’, ‘एच’ कळांनी ढकलून हे सुटत नाही, कारण फरक वाढत जातो, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये २५ वरून २३.९७६ करून घ्या.

प्रास्ताविक पाच मिनिटांचं पुरे. एवढं जरूर सांगा की १९३२ म्हणजे मंदीचं तळ. चित्रपटात एक क्रांतिकारक येऊन मादाम कोलेला तिच्या महागड्या पर्सवरून चार गोष्टी सुनावतो (पर्सची किंमत १,२५,००० फ्रँक), कंपनीचे संचालक पगार कापा म्हणतात आणि ती कापू देत नाही. चोर इथे शिक्षेशिवाय सुटतात, विवाहाविना एकत्र राहतात. म्हणूनच १९३४ च्या जुलैपासून सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाल्यावर १९३५ मध्ये याच्या पुनःप्रदर्शनाला परवानगी मिळाली नाही आणि हा अनेक वर्षं पडद्यावरून नाहीसा झाला. हॉलिवूडच्या रोमँटिक कॉमेडीचा उगम म्हणून सगळे ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) चं नाव घेतात, कारण तो लोकांच्या नजरेसमोर राहिला. आपल्याकडे तर तो ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) मधून दोनदा येऊन गेला. लुबिचचा मात्र अडगळीत होता.

मध्यंतर देऊ नका. ८३ मिनिटं लोक बसतात, चहा आधी द्या. आवाजाची पातळी शीर्षकसंगीतावर ठरवू नका, ते चढं आहे. जेवणाच्या प्रसंगातलं लिलीचं सगळ्यात हळू वाक्य शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका आणि तिथे ठरवा. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेली पातळी माणसं भरल्यावर कमी पडते, तेव्हा दोन-तीन डेसिबल हातात ठेवा. पहिला मोठा हशा टॉन्सिलवर येईल. त्याखाली पुढचा संवाद बुडाला तर मिक्सरच्या आवाजाच्या कळीला (फेडरला) हात लावू नका, लोक आपणहून गप्प होतात.